खिळ्यावरची बाटली

गाडी म्हातारी झाली की तिच्या अंगातून काही ना काही गळणार, याचं गॅरेजवाल्या धाकट्यांना कधी नवल वाटलं नव्हतं. माणसाचं तरी काय वेगळं असतं? गळतं तिथे डाग पडतो. डागाच्या सरळ वर बोट न्यायचं, बोटाला ओल लागली की दुखणं सापडलं. एकतीस वर्षांत त्यांना न सापडलेली गळती एकही नव्हती. त्यामुळे सोमवारी सकाळी पुतणीने तिच्या बाबांची जुनी गाडी गॅरेजमध्ये आणून उभी केली आणि म्हणाली, "काका, ब्रेक ऑइल कमी होतंय, सारखा लाल दिवा लागतो," तेव्हा ते हात पुसत एवढंच म्हणाले, "ठेवून जा. उद्या चहाच्या आधी सापडेल."

"पुढच्या सोमवारपासून मला रोज घाट उतरायचाय. सातची ड्यूटी, आणि पहिली बस साडेसातची. तेव्हा 'सापडेल' नको, सापडवून ठेव."

ती अशीच बोलायची. पाच वर्षांची असल्यापासून घरादाराला हुकूम सोडायची, म्हणून तिचे बाबा तिला 'सरकार' म्हणत. आता ती सव्वीस वर्षांची होती, घाटाखालच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची नुकतीच नेमणूक झाली होती, आणि तिला सरकार म्हणणारी माणसं दोनच उरली होती, आई आणि काका.

धाकट्यांचं वय अठ्ठावन्न. डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी गिऱ्हाइकं त्यांना 'धाकटे'च म्हणत, कारण गॅरेज दोन भावांचं होतं. थोरले, म्हणजे सरकारचे बाबा, जाऊन नऊ वर्षं झाली. ते गेले म्हणून धाकट्यांना कोणी थोरलं केलं नाही, आणि केलं असतं तर त्यांना ते सोसलं नसतं.

गॅरेज म्हणजे उताराच्या माथ्यावरची पत्र्याची लांब शेड. मधोमध माणूस छातीपर्यंत बुडेल एवढा खड्डा; गाडी त्यावर उभी करायची आणि आत स्टुलावर बसून खालून काम करायचं. जमिनीला फाटकाच्या दिशेने थोडा उतार होता, म्हणजे बंद गाडी ढकलायला बरी. त्यासाठी गाडीचं तोंड नेहमी फाटकाकडे आणि चाकाखाली दगड. फाटकाबाहेर रस्ता सरळ खाली जात होता आणि तळाशी पुलापाशी एकदम डावीकडे वळत होता. पुलाच्या कठड्याचा चार हातांचा तुकडा उरलेल्या कठड्यापेक्षा नव्या रंगाचा होता. धाकटे त्या बाजूला शक्यतो पाहत नसत.

पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीचं केलं. ब्रेक ऑइलची डबी वरच्या रेघेपर्यंत भरली. चारी चाकांखाली आणि इंजिनाखाली कोरे पुठ्ठे पसरले. ब्रेक ऑइल लपून राहत नाही. पुठ्ठ्यावर पडलं तर डाग, रंगावर पडलं तर रंगाचे पोपडे. संध्याकाळी शेडला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. ती किल्ली एकच होती.

मंगळवारी सकाळी डबीतलं ऑइल एक बोट खाली गेलं होतं. पुठ्ठे कोरडे ठणठणीत.

"कुठेतरी पाणी मुरतंय," धाकटे स्वतःशी म्हणाले आणि हसले. त्यांनी चाकं उतरवून ड्रमच्या आत बोट फिरवलं. कोरडं. पेडलमागचा गालिचा उचलून पाहिला, कारण पेडलचा दाब ऑइलवर आणणारा मास्टर सिलिंडर मागून फुटला तर ऑइल गुपचूप गाडीच्या आत उतरतं. तिथे नऊ वर्षांपूर्वीची धूळ तशीच होती. मग त्यांनी खडूची पूड केली आणि प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक नळीवर भुरभुरली. ओल कितीही थोडी असो, खडूवर काळी उमटतेच.

बुधवारी खडू पांढराशुभ्र होता आणि पुन्हा भरलेली डबी एक बोट खाली. एक बोट म्हणजे अगदी एक बोट, मोजून काढल्यासारखं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, पण तिला त्यांनी त्या दिवशी फारशी किंमत दिली नाही. ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली होती. थोरले सहा फुटी, त्यांची सीट शेवटच्या खाचेत असायची. सरकार आईवर गेली होती, ती सीट पुढे ओढून बसे. सोमवारी ती गाडी घेऊन आली तेव्हा सीट पुढेच होती; त्याच दिवशी पेडलखाली वाकताना सीटच्या कडेवर त्यांचं डोकं आपटलं होतं आणि टेंगूळ अजून दुखत होतं. धाकट्यांनी सीट पुढे ओढून खटका बसवला. स्प्रिंग म्हातारी झाली असेल, दुसरं काय.

गुरुवारी सीट परत मागे होती.

धाकटे एकटेच. लग्न राहून गेलं ते गेलंच. दोन वेळचं जेवण आणि सकाळचा चहा वहिनींकडे. त्या सकाळी चहा पिताना त्यांनी विषय काढला.

"वहिनी, ती गाडी राहू दे म्हणतो मी. तिला दुसरी बघू एखादी."

"मला नका सांगू, तुमच्या सरकारला सांगा. बाबांची गाडी म्हणून अडून बसलीये." वहिनींनी कप पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या हातांना कसला हो वास यायचा? गोडसर, तेलकट?"

"ब्रेक ऑइलचा."

"हां. तोच." त्यांनी दाराकडे पाहिलं. "दोन दिवस झाले, उशीला येतोय."

"माझे कपडे इथेच धुता ना तुम्ही. त्याचा असेल."

"असेल," वहिनी म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून त्यांना ते पटलेलं नव्हतं.

धाकट्यांचा चहा तसाच राहिला. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भुताखेताची नव्हती. त्या गाडीला हात लावला की नऊ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं वर येत होतं, त्याची भीती होती.

ते काय होतं, हे जगात त्यांच्या एकट्याच्याच पोटात होतं. ब्रेक दुरुस्त केले की नळ्यांमध्ये हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली पान्यावर. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने चाकामागचा लहानसा निपल जरा सैल करायचा. हवा आणि ऑइल रबरी नळीतून बाटलीत उतरतं. निपल आवळायचा, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सगळा कारभार आवाजावर. खालून 'धर', वरून 'धरलंय'. खालून 'सोड', वरून 'सोडलंय'. बावीस वर्षं थोरले वर आणि धाकटे खाली. दर चाकाला थोरले विचारत, "आवळलंस?" एकदा नाही, तीनदा. घरी वहिनींना गॅस बंद केल्याचंही ते तीनदाच विचारत, तो त्यांचा स्वभाव होता.

शिवाय थोरल्यांचे दोन कायदे होते. पहिला, ज्याने पाना फिरवला त्यानेच पहिली फेरी मारायची, तीही इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये. ब्रेकची परीक्षा ब्रेकनेच द्यायची, गिअरने कॉपी पुरवायची नाही. दुसरा कायदा बाटलीचा. खोकल्याच्या औषधाची जुनी काचेची बाटली, झाकणाला भोक पाडून त्यात नळी. चारी निपल आवळून झाले की बाटली पुसून फाटकाच्या आतल्या खांबावरच्या खिळ्याला टांगायची. बाटली खिळ्यावर म्हणजे काम पुरं. रस्त्यावरून गिऱ्हाइकालाही ती दिसायची.

नऊ वर्षांपूर्वी एका बेकरीवाल्याची व्हॅन होती. शेवटचं चाक, ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. थोरल्यांनी वरून दोनदा विचारलं, "आवळलंस?" तेव्हा शेजारी उभा असलेला बेकरीवाला हसला आणि म्हणाला, "काय हो, धाकटे अजून शिकाऊच का?" धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना हातात होता. निपल सैल होता. ते ओरडले, "आवळलं, आवळलं, किती वेळा सांगू!" आणि खड्ड्यातून वर येऊन तरातरा हात धुवायला गेले. हात धुऊन आवळू, असं मनात होतं की नाही, ते त्यांचं त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

धाकटे रागावले हे थोरल्यांनी ओळखलं. समजूत काढायची त्यांची पद्धत होती, दुसऱ्याचं काम आपण करून टाकायचं. "राहू दे रे, फेरी मीच मारतो," असं म्हणत त्यांनी चाकाखालचा दगड काढला. नळाच्या आवाजात धाकट्यांना ते नीट ऐकू आलं नाही. नंतर आलेला आवाज मात्र ऐकू आला.

चौकशीला आलेल्या माणसांनी लिहिलं की जुनी नळी आदळताना फुटली की आधी, हे सांगता येत नाही. धाकट्यांनी मान डोलावली. ती माणसं येण्याआधी एकच काम त्यांनी केलं होतं. खड्ड्याच्या काठावर उभी राहिलेली बाटली उचलली, पुसली आणि खिळ्याला टांगली.

तेव्हापासून ती खिळ्यावरच होती. धाकट्यांनी पुढे हवा काढायला पंप घेतला, एकट्याने चालवता येणारा. बाटलीवर धूळ बसली, जाळं लागलं, आत तळाला पिवळी खपली वाळून राहिली.

शुक्रवारी सकाळी फाटक उघडताना त्यांची नजर सहज खांबाकडे गेली. बाटलीवर धूळ नव्हती. आत चार बोटं ऑइल होतं.

त्यांनी बाटली काढली, उजेडात धरली. स्वच्छ, फिकट, नवं ऑइल. सोमवारपासून ते डबीत ओतत होते तेच. मंगळवारी एक बोट, बुधवारी एक, गुरुवारी एक, आज एक. त्यांनी बाटली मोजपात्रात रिकामी केली, डबीत वरच्या रेघेपर्यंत ओतली, पुन्हा मोजलं. एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता. गाडीला गळती नव्हतीच. रोज कोणीतरी नीट हवा काढत होतं आणि नीट निपल आवळत होतं.

माणूस हाडाचा मेकॅनिक असला की घाबरल्यावरही हत्यारच उचलतो. धाकट्यांनी कुलूप तपासलं, पत्रे तपासले, खिडकीचे गज हलवून पाहिले. दुपारी नवं कुलूप आणलं. संध्याकाळी बाटली तळापर्यंत कोरडी करून, नळी काढून, वेगळी टांगली.

शनिवारी सकाळी नवं कुलूप जसंच्या तसं होतं. नळी बाटलीला लावलेली होती. आत एक बोट ऑइल होतं.

त्यांनी ठरवलं, हे आजच संपवायचं. मास्टर सिलिंडर नवा, चारी नळ्या नव्या, डबी नवी. जुनं काही ठेवायचंच नाही. हँडब्रेकची केबल तेवढी गंजून तुटली होती आणि मागवलेली अजून आली नव्हती. दुपारी तीनला सरकार हजर झाली तेव्हा धाकटे घामाने निथळत होते.

"झाली का? काका, तू असा काय दिसतोयस? ताप आलाय का?"

"हवा काढायची राहिलीये. पंपाचं वॉशर गेलंय." ते खरंच गेलं होतं, सकाळी पाहिलं तर मधोमध चिरलेलं. "तू बस पेडलवर. बाबांना करताना पाहिलंयस ना?"

"पाहिलंय म्हणजे? पाठ आहे!" ती टुणकन सीटवर बसली. सीट मागे होती. "ई, कुणी एवढी मागे ढकलली?" म्हणत तिने ती पुढे ओढली.

हवा काढायला बाटली हवी, आणि बाटली एकच होती. धाकट्यांनी खांबावरून ती काढली आणि खड्ड्यात उतरले.

डावीकडचं मागचं चाक आधी, मग उजवीकडचं मागचं, मग डावीकडचं पुढचं. तीन चाकं पटापट झाली. "धर." "धरलंय." "सोड." "सोडलंय." तिचा आवाज तरणा, खणखणीत. खड्ड्यात थंड होतं, गाडीचं पोट डोक्यावर, बुबुळं फिरवली की जमिनीच्या रेषेत चारी बाजूंनी उजेडाची एक पट्टी. धाकट्यांचा जीव हळूहळू खाली बसू लागला. काम माणसाला सावरतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, बाटली उजव्या काठावर ठेवली आणि शेवटच्या चाकाच्या निपलला पाना लावला.

वर काहीतरी बोलल्याचा आवाज आला. ते नळी बसवत होते. "हं, हं," ते म्हणाले.

"धर."

जरा वेळ गेला. वर स्प्रिंग कुरकुरली, सीट मागे सरकल्यासारखी.

"धरलंय."

आवाज बसका वाटला. गाडीच्या पत्र्यातून येणारा आवाज असाच येतो. त्यांनी पाना फिरवला. नळीतून बुडबुडे धावले, मग ऑइल, बाटलीच्या तळाला एक धार.

"आवळलंस?"

धाकटे थांबले. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. बापाचीच लेक, त्यांनी मनाशी म्हटलं. पाठ आहे म्हणालीच होती.

"आवळतोय गं."

"आवळलंस?"

नळीच्या टोकाशी बुडबुडे यायचे थांबले होते. शेडमध्ये दुसरा कसलाच आवाज नव्हता. तो गोडसर वास एवढा दाट झाला होता की जिभेवर चव आली.

आता तिसऱ्यांदा विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते वाट पाहत राहिले.

तिसऱ्यांदा काही आलंच नाही.

नऊ वर्षांपूर्वीही दोनदाच विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्यांनी खोटं सांगितलं होतं.

धाकट्यांचा हात पान्यावरून गळून पडला.

"नाही," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना ओळखू येईना. "नव्हतं आवळलं. दादा, नव्हतं आवळलं मी. त्या माणसासमोर तू मला... मला राग आला रे. हातात पाना होता, तरी नाही आवळलं. आणि बाटली मी टांगली. कुणाला कळू नये म्हणून मीच टांगली."

ते रडत होते. साठीच्या घरातला माणूस खड्ड्यात बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता.

मग त्यांना उजेडाच्या पट्टीत बूट दिसले.

गाडीत नाही. गाडीबाहेर, फाटकाकडून दोन पावलं आत. सरकारचे पांढरे बूट.

ते धडपडत खड्ड्याच्या पायऱ्या चढून वर आले. ड्रायव्हरचं दार उघडं होतं. सीट रिकामी होती आणि शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकलेली होती. सरकार फाटकापाशी उभी होती, हातात फोन तसाच.

"तू... कधी उतरलीस?"

"इस्पितळाचा फोन आला. मी सांगून गेले. तुम्ही 'हं' म्हणालात."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना 'तुम्ही' म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं की अर्धं, हे विचारायची गरज उरली नाही.

तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"नाही." एवढं मात्र त्यांना ठामपणे म्हणता आलं. "पहिली फेरी मीच मारणार. ज्याने पाना फिरवला त्याने..."

"माहितीये मला कायदा. मग त्या दिवशी बाबा का गेले?"

धाकट्यांनी वाकून चाकाखालचा दगड काढला. फाटकाकडच्या उतारावर गाडी लगेच हलायला हवी होती. ती हलली नाही.

ते आत बसले. पाय लांब करावे लागले. सीट पुढे ओढायला खटका हलला नाही. गिअर न्यूट्रलमध्ये होता, हँडब्रेक नव्हताच. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवायला पाय उचलला आणि खाली पाहिलं.

पेडल आधीच खाली गेलेलं होतं. पार फळीला टेकलेलं. कोणी पाय रोवून धरावं तसं.

खालून 'सोड' आल्याशिवाय वरच्याने सोडायचं नाही. बावीस वर्षांत दादाने एकदाही आधी सोडलं नव्हतं.

"सोड," धाकटे हळूच म्हणाले. "दादा, सोड आता."

पेडल सावकाश वर आलं आणि त्यांच्या बुटाच्या तळव्याला टेकलं.

गाडी हलली. फाटकाच्या उंबऱ्यावरून आधी पुढची चाकं गेली, मग मागची. बाहेर स्वच्छ ऊन होतं. रस्ता मोकळा होता. धाकट्यांना नऊ वर्षांत पहिल्यांदाच छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. सांगून झालं होतं. आता जे व्हायचं ते होवो. पोरगी बोलेल, वहिनी बोलतील, गाव तोंडात शेण घालेल, घालू दे.

टक्.

उजव्या पुढच्या चाकातून आवाज आला. गाडीने वेग घेतला.

टक्. टक्.

लोखंडावर लोखंड. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. चाकाच्या आतल्या कडेला काहीतरी घासून जात होतं, काहीतरी लांबट, निपलला अडकून राहिलेलं. धाकट्यांनी बोटांची मूठ केली. हातात पाना नव्हता. खिशात नव्हता. तो कुठे होता, हे त्यांना ठाऊक होतं.

टक् टक् टक् टक्.

पायाखालचं पेडल मऊ होतं, भिजल्या स्पंजासारखं.

त्यांनी आरशात पाहिलं. मागे फाटक सताड उघडं होतं आणि सरकार आत खड्ड्याच्या काठाशी वाकली होती. तिने हाक मारली नाही. ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात बाटली होती, निसटलेली नळी खाली लोंबत होती. तिने खाली खड्ड्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, गाडीकडे पाहिलं. मग तिने बाटली रुमालाने पुसली, चारी बाजूंनी, सावकाश, आणि खांबापाशी जाऊन खिळ्याला टांगली.